ब्रेक पॅड घरी बदलता येतात, पण दहा मिनिटांत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गाडीची घरगुती देखभाल या विषयावर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या मजकुरात ब्रेकबद्दल एवढंच म्हटलं होतं, की ब्रेकच्या कामाला घरी हात लावू नये. मोबाइलवर मात्र ‘दहा मिनिटांत ब्रेक पॅड बदला’ अशा चित्रफिती धो-धो वाहताहेत. दोन्ही सल्ले वाचकाच्या कामाचे नाहीत. पुढच्या चाकांचे पॅड बदलणं हे नीट पाना धरता येणाऱ्या माणसाला जमण्यासारखं काम आहे. पहिल्यांदा करताना दोन्ही चाकं मिळून तीन तास धरावेत. त्यातला पॅड काढण्या-बसवण्याचा वेळ फार थोडा; बाकीचा वेळ ज्या साफसफाईत आणि तपासणीत जातो, नेमका तोच चित्रफितींत कापलेला असतो. घाईच्या दिवसांत काही गॅरेजांतही तो कापला जातो.

हे पत्र स्विफ्ट, वॅगनआर, आय टेन अशा गाड्यांपुरतं आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि पुढच्या प्रत्येक चाकाला एका पिस्टनचा सरकता कॅलिपर, अशी यांची रचना असते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती आणि कॅलिपर म्हणजे तिला दोन्हीकडून पकडणारा चिमटा; त्यातला पिस्टन ब्रेक ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबतो. मागेही डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर तो पिस्टन दाबून आत जात नाही, खास हत्याराने फिरवत आत न्यावा लागतो. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र, लावून तो सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. तसं न करता पिस्टन दाबला तर हँडब्रेकची मोटर तुटू शकते. ती कामं वर्कशॉपवर सोडावीत.

पॅड संपत आले हे ओळखायचं कसं? नव्या पॅडवर घासला जाणारा मसाला साधारण १० मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायची तयारी करावी. २ च्या खाली चालवू नये. अलॉय व्हीलच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड, आणि पुष्कळदा आधी संपतो तो आतला. त्यामुळे ‘बाहेरून पाहिलं, अजून बराच आहे’ या भरवशावर राहू नये; चाक काढूनच पाहावं. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला टेकते आणि चाक फिरताना बारीक, टोकदार चिर्र आवाज येतो. हा आवाज म्हणजे सूचना. त्याच्या पुढची पायरी जाडी खरखर. तेव्हा लोखंडावर लोखंड घासत असतं आणि पॅडबरोबर डिस्कही जाते.

ब्रेक ऑइलची पातळीही हेच सांगते. पॅड झिजला की पिस्टन तेवढा बाहेर येतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं आणि डबीतली पातळी हळूहळू उतरते. गळती नसताना पातळी कमी दिसली म्हणून वरून ऑइल ओतू नये, आधी पॅड पाहावेत. नाहीतर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल डबीतून ओसंडून इंजिन बेमध्ये उतरतं. हे ऑइल गाडीचा रंग उचलतं. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं.

पॅड घेताना गाडीचं मॉडेल, साल आणि व्हेरिएंट तिन्ही सांगावं, कारण एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-डिझेलला किंवा जुन्या-नव्या पिढीला पॅड वेगळे असू शकतात. कंपनीचा अस्सल पॅड किंवा बॉश, ब्रेम्बो, राणे, टीव्हीएस गर्लिंग यांसारख्या नावाजलेल्या कंपनीचा पॅड घ्यावा. दुकानही माहितीचं असावं, कारण नकली खोकी बाजारात आहेत. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. खोक्यात, पॅड बसतो त्या खाचेतल्या पत्र्याच्या नव्या क्लिपा आहेत का तेही विचारावं. नसतील तर वेगळ्या घ्याव्यात. पैसे फार लागत नाहीत.

हत्यारं अशी: चाकाच्या नटाचा बॉक्स पाना (मारुतीला बहुधा १९ नंबर, ह्युंदाईला २१), कॅलिपरच्या बोल्टसाठी १२ किंवा १४ नंबरचा रिंग पाना, पिन धरायला एक पातळ फिक्स पाना, सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, थोडी बाइंडिंग वायर, टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळण्याचा) आणि एक घोडी, म्हणजे जॅक स्टँड. शेवटच्या दोन वस्तू नसतील तर काम सुरूच करू नये. डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडी तासभर उभी ठेवायची नसते, आणि घोडीऐवजी विटा तर अजिबात नकोत. वीट भार पडला की काही न सांगता फुटते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड फळी ठेवावी, नाहीतर एक ब्लॉक खचतो आणि जॅक तिरका होतो. उतारावरच्या पार्किंगमध्ये हे काम करू नये.

हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावून, पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. मग गाडी उचलून घोडीवर टेकवावी आणि काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवावं. एका वेळी एकच बाजू खोलावी. कुठली क्लिप कशी होती असा प्रश्न पडला तर दुसरी बाजू जशीच्या तशी पाहायला मिळते. स्टिअरिंग वळवून कॅलिपर आपल्याकडे आणला की हात चांगला चालतो.

कॅलिपरच्या मागे वर-खाली दोन बोल्ट असतात आणि ते दोन सरकत्या पिनांमध्ये आवळलेले असतात. खालचा बोल्ट फिरवताना पिनही सोबत फिरते, म्हणून ती पातळ पान्याने धरून ठेवावी. खालचा बोल्ट निघाला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर झाकणासारखा वर उचलता येतो. तसं होत नसेल तर दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर बाइंडिंग वायरने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगावा. रबरी होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळत सोडू नये. होज बाहेरून शाबूत दिसतो, आत त्याचा पदर सुटतो; मग ब्रेक लागतो पण सुटायला वेळ घेतो आणि दोष भलत्याच भागावर ढकलला जातो.

जुने पॅड निघाले की फेकायची घाई नको. एका चाकाचे दोन्ही पॅड शेजारी मांडून पाहावेत आणि दुसरी बाजू खोलली की चारही ओळीने. कॅलिपरचं दुखणं पॅडवर लिहिलेलं असतं. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर सरकत्या पिना जाम आहेत. पिस्टन आतल्या पॅडला थेट ढकलतो. बाहेरच्या पॅडला ओढून आणायला अख्खा कॅलिपर पिनांवर सरकावा लागतो, आणि तोच सरकत नसतो. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा तिरपा झिजला असेल तर एक पिन अडकलीय किंवा पॅडचे कान, म्हणजे त्याची दोन्ही टोकं, ब्रॅकेटमध्ये (पॅड बसतात त्या लोखंडी चौकटीत) आवळले गेलेत. एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेत आणि दुसऱ्या चाकाचे अर्धे आहेत, असं दिसलं तर पिस्टन नीट मागे येतोय का हे पाहावं. हे न पाहता नवे पॅड चढवले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेच दुखणं परत येतं, आणि लोक म्हणतात पॅड हलके निघाले.

खरं काम आता सुरू होतं. दोन्ही पिना बाहेर ओढाव्यात. बऱ्याच गाड्यांत दोन पिना सारख्या नसतात. एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. कुठली वर होती हे लक्षात ठेवावं. पिनेवरचं जुनं, काळं पडलेलं ग्रीस पुसावं. पिन गंजून खड्डे पडले असतील तर बदलावी, पॉलिश पेपरने घासून परत बसवू नये. तिच्यावरचं रबरी बूट फाटलं असेल तर तेही बदलावं. किनारपट्टीवरच्या गाड्यांत, म्हणजे रत्नागिरी, मालवण, अलिबाग, गोवा या पट्ट्यात, दमट खारी हवा आणि पावसाळ्यातला चिखल या बुटाच्या फटीतून आत शिरतो. तिथे पॅड संपायची वाट न पाहता वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पिना काढून ग्रीस करून घ्याव्यात.

ग्रीस कुठलं हे महत्त्वाचं आहे. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं किंवा लाल ग्रीस पेट्रोलियमचं असतं. ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं, आणि फुगलेला बुश पिनेला भोकात घट्ट धरून बसतो. म्हणजे पिना मोकळ्या करायला लावलेलं ग्रीसच त्या जाम करतं. सिलिकॉनचं किंवा डबीवर ‘ब्रेक’ असं स्पष्ट लिहिलेलंच ग्रीस वापरावं, तेही एका पिनेला हरभऱ्याएवढं. भोकात ठासून भरलं तर हवेला वाट राहत नाही आणि दाबलेली पिन स्प्रिंगसारखी बाहेर येते. पिन हाताने आत-बाहेर सहज सरकली पाहिजे.

ब्रॅकेटमधल्या जुन्या क्लिपा काढल्या की खाली गंजाचा थर दिसतो. तो वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत काढावा. गंज ठेवून वर नवी क्लिप बसवली तर ती वर उचलली जाते आणि नवा पॅड खाचेत घट्ट बसतो. पॅड बसवायला हातोडी घ्यावी लागली की समजावं, क्लिपेखाली गंज राहिलाय. इथे धूळ फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. जुन्या किंवा बिननावाच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस नसेलच याची खात्री देता येत नाही. नसलं तरी ती धूळ छातीला वाईटच. तोंडाला मास्क लावून, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसावं. रॉकेल आणि डिझेल ब्रेकपासून लांब ठेवावं.

डिस्कवर बोट फिरवून पाहावं. बारीक रेघा चालतात. नख अडकेल अशी खोल चर, निळसर डाग किंवा तडा चालत नाही. डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेला ‘मिन टीएच’ या अक्षरांपुढे किमान जाडी कोरलेली असते. ती मोजताना एक फसगत होते. डिस्कच्या बाहेरच्या काठाला न झिजलेली कड उभी राहते आणि साधा व्हर्नियर त्या कडेवर टेकून जास्त जाडी दाखवतो. मायक्रोमीटर नसेल तर दोन सारखी नाणी डिस्कच्या दोन्ही अंगांना धरून नाण्यांसकट मोजावं आणि दोन नाण्यांची जाडी वजा करावी. किमान जाडीच्या खाली गेलेली डिस्क लेथवर घासून आणायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. घासल्याने ती आणखी पातळ होते आणि लवकर तापते.

आता पिस्टन. आधी बॉनेट उघडून ऑइलच्या डबीचं झाकण सैल करावं. पातळी वरच्या खुणेजवळ असेल तर सुई नसलेल्या सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्यावं. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्प हळूहळू आवळावा. पिस्टन सरळ आत जायला हवा, तिरका झाला तर थांबून सरळ करावा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये, त्याच्याभोवतीचं रबरी बूट फाटतं. क्लॅम्प आवळूनही पिस्टन हलत नसेल, किंवा बुटाखाली ओल दिसत असेल, तर घरचं काम तिथे संपलं. पिस्टन गंजला असेल, होज आतून बंद असेल किंवा सील गेलं असेल. तिन्हीत ब्रेकची लाइन उघडावी लागते आणि नंतर हवा काढावी लागते. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, गाडीत लाइनमध्ये हवा शिरली तर कधी कधी ती काढायलाही स्कॅनर लागतो. २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक गाडीत एबीएस आहे, हे ध्यानात ठेवावं.

नवे पॅड बसवताना पत्र्याची जीभ असलेला पॅड जिथे जुना होता तिथेच, म्हणजे बहुधा आतल्या बाजूला जातो. पॅडच्या कानांना आणि पाठीला ग्रीसचा पुसट हात द्यावा. मसाल्याला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागू नये. लागलाच तर डिस्क क्लीनरने साफ होते, पण पॅड तेल पितो. ब्लो लँपने भाजून तो ‘सुकवून’ वापरायची रस्त्याकडेची पद्धत सपशेल चुकीची आहे. तो पॅड टाकून द्यावा.

कॅलिपर खाली आणून बोल्ट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवावेत. पान्यानेच सुरुवात केली आणि आटे तिरके पकडले तर पिन आणि बोल्ट दोन्ही वाया जातात. हे बोल्ट दिसायला दणकट, पण बऱ्याच छोट्या गाड्यांत ते २२ ते ३५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) एवढेच आवळायचे असतात. नेमका आकडा सहसा मालकाच्या पुस्तिकेत नसतो, वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो. सर्व्हिस सेंटरला विचारला तर सांगायला हरकत नसावी. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोर आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने द्यावा. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टॉमीवर उभं राहून नट आवळणाऱ्यांनी एवढं पाहावं, की पुढच्या पंक्चरला रात्री रस्त्यात तो नट सोडवायचा कोणी. ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासावेत.

दुसरी बाजूही झाली की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दाबा. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं आणि ब्रेक अजिबात लागत नाही. हळूहळू, अनेकदा दाबत राहिलं की पिस्टन पुढे येतो आणि पेडल टणक होतं. हे विसरून रिव्हर्समध्ये गाडी काढली की मागची भिंत किंवा शेजाऱ्यांची गाडी, जे आधी येईल ते. पेडल टणक झाल्यावर डबीतली पातळी पाहून, लागलं तर झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं, डॉट ३ किंवा डॉट ४, ऑइल घालावं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही. इंजिन ऑइल चुकूनही जाऊ देऊ नये, एवढंसंही गेलं तरी सगळी रबरं फुगतात.

हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. आंबेनळी किंवा कसारा घाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की कॅलिपर तापतो, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं मऊ होतं. तिथे पॅड कितीही नवे असोत, उपयोग नाही. म्हणून पॅडबरोबर ऑइलचं वयही पाहावं. दोन वर्षं झाली असतील तर गॅरेजमध्ये ते बदलून घ्यावं. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इंजिनाचा रोध घ्यावा, हे घाटातल्या पाट्याही सांगतात.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारावा, पूर्ण थांबू नये, मग अर्धा-एक किलोमीटर गाडी तशीच चालवून ब्रेक थंड होऊ द्यावेत. असं आठ-दहा वेळा केलं की पॅडचा मसाला डिस्कवर सारखा बसतो. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली तर एकाच जागी मसाल्याचा डाग पडतो आणि पुढे पेडल थरथरायला लागतं. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाट आणि भरधाव गाडी टाळावी. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज येतो आणि पहिल्या दोन-चार ब्रेकला घरघर होते, त्याने घाबरू नये. दोन दिवसांनीही आवाज राहिला, गाडी एका बाजूला ओढली किंवा एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं, तर चाक पुन्हा काढावं. बहुतेक वेळा अडकलेली पिन किंवा वाकडी बसलेली क्लिप सापडते.

ज्यांना हे घरी करायचं नाही, त्यांनी गॅरेजवाल्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: पिना काढून ग्रीस केलंत का, आणि जुने पॅड दाखवता का. पॅड हातात आले की आतल्या-बाहेरच्याची झीज स्वतःच पाहता येते.

मागच्या ड्रम ब्रेकच्या लायनरबद्दल मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यात स्प्रिंगा, ॲडजस्टर आणि हँडब्रेकची केबल येते, आणि ताणलेली स्प्रिंग सुटली तर थेट डोळ्यांवर येते. आपल्या पुरवणीत त्यावर जाणकाराकडून वेगळा लेख, आकृत्यांसह, छापलात तर उपयोग होईल.

कळावे,
आपला,
आयटीआयमधल्या मेकॅनिक मोटार व्हेईकल ट्रेडचा एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)